उभ्या गाडीची शिदोरी

मुलांनो, आपले घरच चाकांवर बसवून वाटेल तेथे नेता आले तर किती मौज होईल, असे तुमच्या मनात कधी आले आहे काय? युरोपातील पुष्कळ कुटुंबे ही मौज प्रत्यक्षात अनुभवतात. एका लांबरुंद मोटारीतच निजण्याचे बाक, स्वयंपाकाची चूल, पाण्याची टाकी, लहानसा फ्रीज आणि दिवे अशी सारी सोय केलेली असते. अशा गाडीला मोटारहोम म्हणतात; आपण तिला मोटारघर म्हणू. उन्हाळा आला की ही मंडळी आपले मोटारघर घेऊन बाहेर पडतात. आज समुद्रकाठी, तर उद्या एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा मुक्काम पडतो.

परंतु हिवाळा येताच चित्र पालटते. रस्त्यांवर बर्फ साचते, दिवस लहान होतात, आणि बहुतेक मोटारघरे छपराखाली नेऊन ठेवण्यात येतात. जर्मनीत तर अशा गाड्यांसाठी १९९७ सालापासून हंगामी क्रमांकपाटीची पद्धत आहे. या पाटीच्या उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. वर ०४ आणि खाली १० असेल, तर ती गाडी एप्रिल महिन्यापासून ऑक्टोबर महिन्यापर्यंतच रस्त्यावर आणावयाची. उरलेल्या महिन्यांत तिला सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही, आणि तेथे उभीही करता येत नाही. म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत, सुमारे दीडशे दिवस, ती एकाच जागी उभी असते.

आता समजा, एप्रिल उजाडला. घरधनी मोठ्या उत्साहाने गाडीपाशी येतो. आतले दिवे लावून पाहतो, तो ते लखलखीत लागतात. नळ सोडतो, तो पाण्याचा पंप घरघरू लागतो. सारे ठाकठीक आहे, असे समजून तो चालकाच्या आसनावर बसतो व किल्ली फिरवितो. ‘टक्’ असा क्षीण आवाज होतो, आणि पुढे काहीच नाही! इंजिन हूं की चूं करीत नाही. दिवे लागतात, पंप चालतो, मग इंजिनच का बरे रुसले?

या कोड्याचे उत्तर असे की, मोटारघरात विजेच्या शिदोऱ्या दोन असतात. एक बॅटरी घरासाठी. दिवे, पंप, पंखा हे सारे तिच्यावर चालते. दुसरी बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी. तिला स्टार्टरची बॅटरी म्हणतात. दोघींची कामे भिन्न, म्हणून त्यांची घडणही भिन्न. घराच्या बॅटरीला थोडी थोडी वीज तासन् तास पुरवावी लागते. स्टार्टरच्या बॅटरीला मात्र अवघ्या दोन-तीन सेकंदांत फार मोठा प्रवाह द्यावा लागतो. म्हणून तिच्यात शिशाचे पातळ पत्रे मोठ्या संख्येने बसविलेले असतात. पत्रे पुष्कळ असले म्हणजे रसायनक्रियेला पृष्ठभाग अधिक मिळतो, आणि मोठा प्रवाह एकदम देता येतो. परंतु तिला वारंवार पुरती रिकामी केलेली सोसत नाही. आपल्या घरधन्याची घरची शिदोरी शाबूत होती. संपली होती ती इंजिनाची.

इंजिनाला अशी शिदोरी लागते तरी कशाला? आरंभीच्या मोटारींना ती लागत नसे. तेव्हा गाडीच्या पुढच्या भागात लोखंडी हँडल घालून ते हाताने जोराने फिरवीत. आपल्याकडेही जुन्या मालमोटारी हँडल मारून सुरू करीत असत. हे काम नुसते कष्टाचे नव्हते, तर धोक्याचेही होते. इंजिनाने अवचित उलटा झटका दिला की हँडल विलक्षण वेगाने मागे फिरे, आणि मनगटाचे अथवा दंडाचे हाड मोडे. म्हणून अनुभवी माणसे हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवीत. मुठीने आवळून धरीत नसत.

हे संकट दूर केले ते अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या संशोधकाने. तो पूर्वी डेटन या गावी दुकानातील गल्ल्याची यंत्रे तयार करणाऱ्या कारखान्यात होता. त्या यंत्राचा दांडा हाताने फिरविण्याऐवजी त्याने एक लहानशी विजेची मोटार बसविली होती. त्या मोटारीला क्षणभरच जोर लावावयाचा होता, म्हणून ती लहान असूनही भागत असे. हीच युक्ती त्याने मोटारगाडीला लावली. इंजिन सुरू करण्यासाठीही काही क्षणांचाच जोर हवा असतो! १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत त्याचा विजेचा स्टार्टर बसविण्यात आला, आणि हळूहळू हँडल मागे पडले. तेव्हापासून इंजिनाचा पहिला श्वास बॅटरीच्या हाती गेला.

ही बॅटरी मात्र स्टार्टरहून बरीच वडील आहे. १८०० साली इटलीतील व्होल्टा याने विजेचा पहिला घट तयार केला; परंतु तो संपला की संपला, पुन्हा भरता येत नसे. १८५९ साली फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते याने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत अशा रीतीने त्यांची गुंडाळी केली, आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडविली. त्यातून वीज खेळविली असता ती साठून राहते, आणि हवी तेव्हा परत मिळते, असे त्याला आढळून आले. पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी ती हीच. पुढे १८८१ च्या सुमारास कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची रीत काढली, आणि तिची साठवण पुष्कळच वाढली.

आजही बहुतेक मोटारींतील स्टार्टरची बॅटरी याच घराण्यातील आहे. तिच्या आत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात सुमारे २.१ व्होल्ट दाब निर्माण होतो, आणि सहा मिळून १२.६ व्होल्ट भरतात. धन बाजूच्या पत्र्यांवर तपकिरी रंगाचा शिशाचा डायऑक्साइड असतो, ऋण बाजूस सच्छिद्र करडे शिसे असते, आणि दोहोंमध्ये गंधकाम्लाचे पाणी असते. वीज खर्च होऊ लागली की दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमू लागते. त्यासाठी लागणारा अंश गंधकाम्लातून जातो, आणि उरते ते अधिकाधिक पाणी. उलट बॅटरी भरताना हे सल्फेट मोडते, पत्रे पूर्ववत् होतात, आणि आम्ल पुन्हा तीव्र होते.

यावरून बॅटरीची परीक्षा करण्याची एक सोपी रीत निघाली. दुधात पाणी किती, हे दूधवाल्याच्या नळीतील तरंगत्या मापकावरून जसे कळते, तसेच झाकण उघडता येणाऱ्या बॅटरीतील आम्लाची घनता मापकावरून कळते. भरलेल्या बॅटरीत ती पाण्याच्या सुमारे १.२८ पट असते. रिकाम्या बॅटरीत ती सुमारे १.१२ पटीपर्यंत उतरते. बंद बॅटरीचा दाब व्होल्टमापकाने पाहतात. काही तास स्वस्थ राहिलेल्या बॅटरीने १२.६ व्होल्ट दाखविले तर ती भरलेली आहे, १२.२ दाखविले तर निम्मी उरली आहे. १२ च्याही खाली गेली तर जवळजवळ रिती झाली आहे, असे समजावे.

पण गाडी तर उभी होती; मग वीज खर्च कोणी केली? येथेच पुष्कळांची फसगत होते. आजची गाडी उभी असली तरी पुरती निजलेली नसते. तिचे घड्याळ चालू असते, चोरीची सूचना देणारी घंटा जागी असते, दूरच्या किल्लीची हाक ऐकण्यासाठी तिचे कान टवकारलेले असतात. या साऱ्यांना मिळून लागणारा प्रवाह अगदी थोडा असतो. समजा, तो अँपिअरचा विसावा भाग, म्हणजे ५० मिलिअँपिअर आहे. आता थोडे गणित करू. दिवसाचे २४ तास. म्हणून एका दिवसात १.२ अँपिअर-तास वीज गेली. आता इंजिन सुरू करताना काय होते ते पाहू. समजा, स्टार्टरने ३ सेकंद २०० अँपिअर प्रवाह घेतला. हा हिशेब ६०० अँपिअर-सेकंदांचा झाला. तासात ३६०० सेकंद असतात, म्हणून ही वीज अवघी एक षष्ठांश अँपिअर-तास भरते. म्हणजे गाडी दिवसभर नुसती उभी राहिली, तरी सात वेळा इंजिन सुरू करण्याइतकी वीज निमूटपणे निघून जाते!

आपल्या बॅटरीची साठवण ९० अँपिअर-तास धरली, तर ती ७५ दिवसांत कोरडी पडेल. त्याशिवाय कोणतीही शिशाची बॅटरी नुसती ठेवून दिली तरी आपोआप थोडी थोडी झिजते, ती झीज वेगळीच. दीडशे दिवसांच्या मुक्कामाला ही शिदोरी कशी पुरावी? बसून खाल्ले तर डोंगरही पुरत नाही, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. त्यातच थंडीने इंजिनाचे तेल दाट होते, त्याला फिरविण्यास जोर अधिक लागतो. आणि थंडीनेच बॅटरीतील रसायनक्रियाही मंदावते. मागणी वाढते नेमकी तेव्हाच पुरवठा आखडतो.

बॅटरी रिकामी झाली, तर पुन्हा भरावी, त्यात एवढे काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. ती लगेच भरली तर फारसे बिघडत नाही. परंतु ती आठवडेच्या आठवडे रितीच राहिली तर मोठी हानी होते. पत्र्यांवर नुकतेच जमलेले सल्फेट बारीक कणांचे असते आणि सहज मोडते. तेच पुष्कळ दिवस राहिले तर त्याचे टणक खडे बनतात. पावसाळ्यात ओल धरलेले मीठ पहिल्या दिवशी बोटाने सुटते; महिनाभर तसेच राहिले तर त्याचा दगड होतो. तशीच ही गोष्ट आहे. मग कितीही वीज खेळविली तरी ते खडे पुरते विरघळत नाहीत, आणि बॅटरीची साठवण कायमची घटते.

थंड देशांत आणखी एक संकट असते. भरलेल्या बॅटरीतील तीव्र आम्ल शून्याखाली ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. परंतु रित्या बॅटरीत बहुतेक पाणीच उरलेले असल्यामुळे ते शून्याखाली १० अंशांच्या आसपास गोठते. बर्फ झाले की ते फुगते, पत्रे वाकतात, पेटीला तडा जातो. अशी गोठलेली अथवा फुगलेली बॅटरी भरण्याचा प्रयत्न कधीही करू नये; ती फुटण्याचे भय असते.

बॅटरी केवळ उतरलेली असेल, तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेऊन इंजिन सुरू करता येते. हे काम जाणत्या माणसाचे आहे. मुलांनी ते दुरून पाहावे, परंतु त्यातील क्रम मात्र समजून घ्यावा. दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या सारख्याच व्होल्टच्या हव्यात, आणि गाड्या एकमेकींना चिकटलेल्या नसाव्यात. दोन्ही इंजिने बंद ठेवून लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला व नंतर भरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला लावतात. काळी तार आधी भरलेल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावतात. तिचे दुसरे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर, त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावतात. असे का? शेवटची जोडणी करताना ठिणगी उडण्याचा संभव असतो, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू साचलेला असू शकतो. हा वायू ठिणगीने स्फोटासह पेटतो, आणि मग चोहोकडे उडते ते गंधकाम्ल. म्हणून ठिणगी बॅटरीपासून दूर पडावी, एवढ्याचसाठी ही दक्षता. जोडणी झाली की आधी मदतीची गाडी सुरू करतात, मग उतरलेली. तारा काढताना हाच क्रम उलटा घेतात. डोळ्यांवर चष्मा असावा, हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे, आणि आम्लाचा थेंब अंगावर उडालाच तर ती जागा तत्काळ भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धूत राहून लगेच डॉक्टरांकडे जावे.

इंजिन घरघरू लागले म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही. घटकाभर गाडी चालवून रिती बॅटरी पुरती भरत नाही. तिला चार्जरने सावकाश भरावे लागते. चार्जर ५ अँपिअर प्रवाह देत असेल, तर ९० अँपिअर-तासांच्या बॅटरीला गणिताने १८ तास लागतात. प्रत्यक्षात थोडे अधिकच. पी हळद नि हो गोरी, असा उतावळेपणा येथे उपयोगाचा नाही. काहीजण बंद छपराखाली दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालवून ठेवतात. हा उपाय तर रोगाहून वाईट! तेवढ्या वेळात बॅटरी भरत नाही. उलट इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू कोंडलेल्या जागेत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. पण त्याने माणसे प्राणास मुकतात.

याहून शहाणपणाची वाट म्हणजे गाडी ठेवण्यापूर्वीच व्यवस्था करणे. तहान लागल्यावर विहीर खणावयास का बसावे? जेथे घरगुती वीज उपलब्ध असते तेथे एक लहान चार्जर जोडून ठेवतात. तो बॅटरीचा दाब पाहून गरजेपुरतीच वीज देतो व मग थांबतो. जेथे वीज नसते तेथे बॅटरी आधी पूर्ण भरून तिची ऋण टोकाची तार सोडवून ठेवतात. आधी ऋण टोकच का? गाडीचे सारे धातूचे अंग ऋण टोकाशी जोडलेले असते. धन टोक प्रथम सोडविताना हातातील पाना त्या अंगाला टेकला तर मोठी ठिणगी उडेल. तार सोडविली की घड्याळ व घंटा बंद पडतात, आणि उरते ती केवळ आपोआप होणारी झीज. मग महिना-दीड महिन्याने एकदा भरणे पुरेसे होते.

छपरावर सौर पट्ट्या असल्या म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. पुष्कळ मोटारघरांत त्या पट्ट्या फक्त घराच्या बॅटरीला वीज देतात. स्टार्टरच्या बॅटरीपर्यंत तिचा अंशही पोहोचत नाही. शिवाय गाडी छपराखाली असेल तर पट्टीवर ऊन कोठून पडणार? म्हणून आपली वीज कोठून येते व कोठे जाते, हे गाडीवाल्याने एकदा नीट पाहून ठेवले पाहिजे.

मोटारघरे आपल्याकडे फारशी नाहीत, तेव्हा या माहितीचा आपणांस काय उपयोग, असे म्हणू नका. २५ मार्च २०२० पासून करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, आणि लक्षावधी गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. काही आठवड्यांनी मालकांनी किल्ली फिरविली, तेव्हा कित्येकांना तोच क्षीण ‘टक्’ ऐकू आला. आपल्याकडे बर्फाचे भय नाही, हे खरे. परंतु उष्णतेने बॅटरीची आपोआप होणारी झीज अधिक वेगाने होते. घरोघरच्या इन्व्हर्टरमध्येही बहुधा शिशाचीच बॅटरी असते. तिच्यातील पाणी खुणेखाली गेले की ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते, आणि तिच्या खोलीत हवा खेळती ठेवावी लागते. निकामी झालेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. शिसे विषारी आहे. ती विक्रेत्याकडे परत दिली म्हणजे त्याच शिशाची नवी बॅटरी होते.

वस्तू वापरली म्हणजेच झिजते, आणि बाजूला ठेवली म्हणजे सुरक्षित राहते, अशी आपली समजूत असते. बॅटरीने ती खोटी ठरविली आहे. भरून ठेवलेली व अधूनमधून विचारपूस झालेली बॅटरी वर्षानुवर्षे साथ देते. रिती करून विसरलेली बॅटरी एका हंगामात जाते. गाडी उभी करताना तिची शिदोरी भरलेली आहे ना, एवढे पाहणे हे काम अर्ध्या तासाचेही नाही; पण ते वेळेवर झाले पाहिजे.

स्वाध्याय

१. मोटारघरातील दिवे लागले, तरी इंजिन सुरू का झाले नाही?
२. हँडलऐवजी विजेचा स्टार्टर बसविण्याची कल्पना केटरिंगला कशावरून सुचली?
३. कारणे द्या : (अ) रिती बॅटरी थंडीत लवकर गोठते. (आ) काळ्या तारेचे शेवटचे टोक बॅटरीपासून दूर लावतात. (इ) बंद जागेत इंजिन चालवून ठेवू नये.
४. एका उभ्या गाडीला सतत ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. तिच्या बॅटरीची साठवण ७२ अँपिअर-तास असेल, तर ती किती दिवसांत रिकामी होईल?
५. ‘बसून खाल्ले तर डोंगरही पुरत नाही’ ही म्हण तुमच्या पाहण्यातील एखाद्या प्रसंगाला लावून पाच-सहा ओळी लिहा.
६. आपल्या घरी बराच काळ न वापरता ठेवलेली एखादी वस्तू पाहा. तिची काळजी कशी घ्यावी, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा.